होडी, जाळं आणि म्हावरं: मुंबईच्या किनाऱ्यावरच्या छोट्या मासेमारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाजारात मासे घ्यायला जाणारे, कोळीवाड्यात नव्यानं राहायला आलेले, मुलांच्या शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती शोधणारे आणि दर गटारीला पापलेटाचा भाव ऐकून चिडणारे, या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. क्रमानं वाचलंच पाहिजे असं नाही, पण ३ आणि ४ आधी वाचलेत तर बाकीचं लवकर कळेल.

१. "छोटी मासेमारी" म्हणजे नक्की किती छोटी?

सरकारी हिशोबात होड्यांचे तीन वर्ग आहेत: वल्ह्या-शिडावर चालणारी बिगरयांत्रिक, बाहेरून मोटर लावलेली आणि आत इंजिन बसवलेली यांत्रिक. कोळीवाड्यात मात्र होडी सिलेंडरवर मोजतात. "त्याची दोन सिलेंडर आहे", "ह्याची सहा सिलेंडर" एवढं म्हटलं की होडी केवढी, किती लांब जाणार आणि डिझेलला किती लागणार हे ऐकणाऱ्याला कळतं.

या पानापुरतं छोटी म्हणजे पाणी (म्हणजे भरती-ओहोटी) बघून निघणारी आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी परतणारी होडी. तांडेल (होडीचा प्रमुख) धरून दोन ते पाच-सहा माणसं, आणि मालक किंवा घरचं कुणीतरी होडीवर. बर्फ भरून आठ-दहा दिवस बाहेर राहणारे ट्रॉलर यात धरलेले नाहीत. ते ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला लागतात आणि मुंबईत विकला जाणारा बराच मासा त्यांचा असतो, पण तो धंदा वेगळा आणि त्याचे प्रश्नही वेगळे.

२. मुंबईत अजून मासेमारी होते? कुठे?

होते. पश्चिमेला कुलाबा-कफ परेड, वरळी, माहीम, चिंबई, खार दांडा, वेसावे (वर्सोवा), खाडीपलीकडे मढ आणि भाटी, वर मनोरी आणि गोराई. महापालिकेची हद्द संपली की उत्तन. पूर्वेला शिवडी, माहुल, तुर्भे (ट्रॉम्बे) अशी बंदर आणि ठाणे खाडीच्या बाजूची गावं. पश्चिमेला उघडा दर्या, पूर्वेला चिखल आणि खाडी, त्यामुळे दोन्हीकडची जाळी आणि मासेही वेगळे. वेसावे आणि मढ ही त्यातली मोठी बंदरं. सायन कोळीवाड्याला समुद्र शोधत जाऊ नका, तिथे आता नावच उरलंय.

३. डोल म्हणजे काय? ती होडीनं ओढतात का?

नाही, आणि तीच तर डोलीची गंमत आहे. डोल एका जागी बांधलेली असते. मासा आणून देण्याचं काम पाणी करतं.

डोल ही पायमोज्यासारखी लांबलचक पिशवी. तोंड रुंद, शेपटी निमुळती. तोंडाकडचे आस (जाळ्याची भोकं) एवढे मोठे की त्यातून हात सहज जाईल. मागे मागे ते बारीक होत जातात आणि शेपटीला इतके बारीक होतात की जवळासुद्धा (अगदी बारीक कोलंबी) सुटत नाही. समुद्राच्या तळात लाकडी खुंट ठोकलेले असतात, त्यांना दोर आणि दोरांना डोलीचं तोंड. वर पिंपं किंवा बोये तरंगत असतात, त्यांनी तोंड उघडं राहतं आणि जागाही कळते. भरती किंवा ओहोटीचं पाणी जोरात तोंडातून आत शिरतं, त्याबरोबर बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकटी, ढोमा असं सगळं शेपटीत जाऊन साठतं. पाणी थांबलं की होडी बोयापाशी जाते, शेपटी वर घेतात, तिची गाठ सोडतात आणि माल होडीत ओततात. जोर असताना डोल उचलताच येत नाही, म्हणून वेळ पाण्याची असते, घड्याळाची नाही. रात्री दोनला पाणी थांबणार असेल तर रात्री दोनला.

खुंट ठोकणं हे एका होडीचं काम नाही. अनेक माणसं, लांब लाकडं, दोर, आणि पाणी शांत असलेले नेमके दिवस लागतात. मग त्या जागेवर त्या माणसाचा हक्क मानला जातो. अशा ठरलेल्या जागेला "कव" म्हणतात. कवींचा हिशोब गावागावांत वंशपरंपरेनं चालत आला आहे, आणि कोणाची कव कुठपर्यंत यावरून पालघर-डहाणूचे मच्छीमार आणि वसई-उत्तनचे मच्छीमार यांच्यात वर्षानुवर्षं भांडण आहे. नकाशावर समुद्र मोकळा दिसतो. डोलकराला विचारा, तो कुणाच्या वाट्याचं पाणी कुठे सुरू होतं ते बोट दाखवून सांगेल.

४. उधाण आणि भांग म्हणजे काय? आणि माझ्या बाजारातल्या मावशी "आज भांग हाय, म्हावरं नाय" असं का म्हणतात?

मुंबईत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि रोज ती साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, ते भांग. उधाणाला मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाते. पावसाळ्यात महापालिका ज्या तारखा जाहीर करते त्या याच. भांगाला भरती आणि ओहोटीतला फरक दोन मीटरच्याही आत येतो.

आता प्रश्न ३ आठवा. डोलीत मासा पाणी आणतं. उधाणाला पाण्याला ओढ असते म्हणून डोल भरते. भांगाला ओढ नसते, डोल ढिली लोंबते, म्हणून अनेक जण त्या दिवसांत डोल लावतच नाहीत. जाळी शिवायची, इंजिन बघायचं, होडीला रंग द्यायचा. मावशी खोटं बोलत नाहीत. ओले बोंबील, करंदी, जवळा हवा असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे जा.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोबही विचारला जातो. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बाजारात कधी जायचं हे ठरवायला पुरेसा आहे. खडकांवर उतरायला मात्र हा हिशोब वापरू नका, छापील भरतीचं कोष्टक बघा (प्रश्न १५).

५. डोलीशिवाय आणखी कोणती जाळी असतात?

उभं, भिंतीसारखं सोडलेलं जाळं असतं. काही वर तरंगतं आणि पाण्याबरोबर वाहतं, काही तळाला बुडवून ठेवतात. मासा त्यातून जायला बघतो, डोकं जातं, अंग जात नाही, मागे फिरताना गलफड्यात दोरा अडकतो. पापलेट, सुरमई, रावस, घोळ, दाढा असे मासे यात. आस मोठा ठेवला तर लहान मासा आपसूक सुटतो, हा या जाळ्याचा मोठा गुण.

खाडीत बोक्शी म्हणजे डोलीचं छोटं भावंड, कोलंबी आणि जवळ्यासाठी. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचे मणी. नीट फेकलं तर हवेत पूर्ण उघडतं आणि पाण्यावर वर्तुळ पडतं. नवख्यानं फेकलं की लांबट होऊन एका जागी पडतं आणि बघणारे हसतात. पागेत बोय, कोलंबी, खाडीतले छोटे मासे. चिंबोऱ्यांसाठी फग असतो, म्हणजे कड्याला ताणलेलं जाळं, मधोमध माशाच्या डोक्याचं आमिष. गळ आहेच, एकट्या माणसाचा साधा आणि लांब दोरीला शेकडो आकडे लावलेलाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन टोकांनी ओढायचं मोठं जाळं, ही खरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीची ओळख. मुंबईत ती शोधू नका.

हातानं वेचणंही मासेमारीच आहे आणि ती बहुतेक बायका करतात. ओहोटीला वरळी, खार दांड्याच्या खडकांवर कोयती घेऊन कालवं फोडणाऱ्या, चिखलात गुडघाभर रुतून तिसऱ्या काढणाऱ्या. यांना "मच्छीमार" म्हणून कागदोपत्री ओळख मिळणं पुरुषांपेक्षा अवघड जातं. होडी नाही, परवाना नाही, मग नुकसानभरपाईच्या यादीतही नाव नाही. हे मला पटत नाही.

६. बाजारातला मासा कोणत्या जाळ्यातला आहे हे ओळखता येतं का?

बऱ्याचदा येतं. उभ्या जाळ्यातल्या माशाच्या डोक्यामागे किंवा गलफड्यापाशी दोऱ्याचा वळ असतो, कधी खवले एका रेघेत निघालेले. गळाच्या माशाच्या ओठाला भोक. डोलीतला माल एकत्र येतो. मावशींच्या पाटीत बोंबलाबरोबर मांदेली, एखादी वाकटी, मूठभर करंदी असं मिसळलेलं दिसलं की ते डोलीचं, आणि बहुधा आजचंच. ट्रॉलरचा मासा इतर माशांखाली दबून येतो, खवले घासलेले, पोट नरम, आणि पहिल्या दिवशीचा असेल तर आठवडाभर बर्फात राहिलेला.

गलफडं लाल, डोळा फुगीर ही परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. पण नुसतं गलफडं उचकटून नाक मुरडण्यापेक्षा "मावशी, डोलीचं की ट्रॉलरचं?" असं विचारा. विचारणारं गिऱ्हाईक जाणतं आहे हे कळलं की पाटीच्या तळातला वाटा वर येतो.

७. बोंबील मुंबईतच का मिळतात? गोव्याला का नाही?

बोंबलाचा मोठा पट्टा गुजरातच्या सौराष्ट्रापासून महाराष्ट्राच्या उत्तर भागापर्यंत. रत्नागिरीच्या खाली तो फारसा लागतच नाही. मग थेट पलीकडे बंगालच्या बाजूला पुन्हा सापडतो. मुंबईपासून वर किनारा उथळ आहे, तळ चिखलाचा आहे, खाड्या मोठ्या आहेत आणि भरती-ओहोटीची ओढ जबर आहे. तिथे जवळा भरपूर आणि बोंबील जवळ्यावरच जगतो. डोलही याच पट्ट्यात पसरली आहे, कारण तिलाही ओढच हवी. मालवणचा माणूस बोंबलाला नावं ठेवतो यात आश्चर्य नाही, त्याच्या ताटात तो ताजा कधी आलाच नाही.

बोंबलाच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. म्हणून तो तळण्याआधी दाबून पाणी काढावं लागतं, आणि म्हणूनच तो इतर माशांपेक्षा लवकर उतरतो. सकाळचा बोंबील संध्याकाळी घेऊ नका.

८. सुके बोंबील जोडीनं का लटकवतात?

दोरीवर टाकायला दुसरं काही लागू नये म्हणून. वेसावे, मढ, गोराई, उत्तनला बांबूचे उंच सांगाडे दिसतात, त्यांना वलांडी म्हणतात. त्यावर दोर ताणलेले. ओल्या बोंबलाचा जबडा मोठा आणि दात आत वळलेले असतात. बाई एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते, एक हिसका देते आणि जोडी दोरीवर टाकते. एक इकडे, एक तिकडे. ना दोरा, ना चिमटा. सरावाचा हात असेल तर बोलता बोलता पाटी रिकामी होते. कडक ऊन आणि वारा मिळाला तर दोन-तीन दिवसांत माल तयार. ढग आले, दव पडलं की रंग जातो आणि भावही जातो. अवकाळी पावसाची एक सर आली तर वलांडीवरचं सगळं खतात जातं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा होड्यांच्या नुकसानीचे फोटो सगळ्यांनी पाहिले, वलांड्यांचं नुकसान फार कुणी मोजलं नाही.

जवळा मात्र जमिनीवर पसरतात. सुकट घेताना वाळू लागत नाही ना ते दाताखाली धरून बघा.

९. पावसाळ्यात मासेमारी बंद म्हणजे नेमकी कधीपासून कधीपर्यंत?

१ जून ते ३१ जुलै, एकूण ६१ दिवस. राज्याची हद्द १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. तिथे राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा लागतो. त्यापलीकडे केंद्राची बंदी असते, तारखा त्याच. कारणं दोन: पुष्कळ मासे या काळात अंडी घालतात, आणि समुद्रही जीवघेणा असतो.

गटारी बऱ्याचदा या दिवसांच्या शेवटी किंवा लगेच नंतर येते. ताजं पापलेट महाग का, याचं उत्तर तारखेतच आहे. त्या वेळी जे "ताजं" म्हणून मिळतं ते बर्फातलं असतं किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेलं. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडचा मासा इकडे येऊ लागतो. मी तरी त्या महिन्यांत सुकं खातो.

१०. मग जुलैत खाडीत जाळं टाकणारे दिसतात, ते बेकायदा आहेत का?

सहसा नाही. बंदी यांत्रिक होड्यांना आहे. वल्ह्याची बिगरयांत्रिक होडी, पाग, गळ, हातानं वेचणं, हे चालतं. पावसाळ्यात खाडीत चिंबोऱ्या, निवट्या, कोलंबी, जिताडा मिळतो आणि त्यावर बरीच घरं ते दोन महिने काढतात. इंजिन लावून बाहेर गेलेली होडी मात्र बेकायदाच, मग ती कितीही छोटी असो. फोटो काढून तक्रार करण्याआधी होडीला इंजिन आहे का एवढं तरी बघा.

११. होड्या १ ऑगस्टला निघतात की नारळी पौर्णिमेला?

कायद्यानं १ ऑगस्ट. रीतीनं नारळी पौर्णिमा. पूर्वी महाराष्ट्रात बंदी १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल तोपर्यंत असे, तेव्हा कायदा आणि रीत जवळजवळ चालत. आता पौर्णिमा उशिरा आली तर मधे दोन-तीन आठवडे राहतात. ट्रॉलर आणि बाहेरगावचे खलाशी बोलावून ठेवलेले मालक थांबत नाहीत, पगार सुरू झालेला असतो. छोट्या होडीवाल्यांत अजून बरेच जण दर्याला नारळ दिल्याशिवाय जाळं टाकत नाहीत. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा ही काही मच्छीमार संघटनांची मागणी आहे. ऑगस्टच्या सुरुवातीचा समुद्र ज्यानं पाहिलाय त्याला ती समजेल.

१२. "बाळ पापलेट घेऊ नका" म्हणतात. किती लहान म्हणजे बाळ?

राज्य सरकारनं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. तळहातात पूर्ण मावणारं पापलेट नको, असं लक्षात ठेवा. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमासा म्हणून जाहीर केलं गेलं.

इथे छोट्या मच्छीमाराची बाजू घेऊनही एक कडू गोष्ट सांगायला हवी. बाळ पापलेट डोलीतही येतं. शेपटीचे आस बारीक असल्यामुळे जे येतं ते येतं आणि वर येईपर्यंत मेलेलं असतं. आस मोठा केला तर जवळा आणि करंदी जाते, त्यावरच घर चालतं. त्यामुळे दोष सगळा ट्रॉलरवर ढकलून मोकळं होता येत नाही. पण तराजूत दोन्ही बाजू सारख्या नाहीत हेही खरं. डोल एका जागी, पाण्याच्या वेळेपुरती. ट्रॉलर दिवसरात्र तळ खरवडत जातो. गिऱ्हाईक म्हणून तुमच्या हातात एकच आहे: स्वस्त मिळतंय म्हणून छोट्या पापलेटाचा वाटा उचलू नका. त्याला भाव मिळाला नाही तर तो बाजारात येणं कमी होईल.

१३. पर्ससीन आणि एलईडी मासेमारीला छोटे मच्छीमार एवढा विरोध का करतात?

पर्ससीन जाळं माशांच्या आख्ख्या थव्याभोवती गोल टाकतात आणि खालून दोर ओढून तोंड बंद करतात. बांगडा, तारली यांचा थवाच्या थवा एका ओढीत जातो. मागे येणाऱ्या दहा छोट्या होड्यांना काही उरत नाही. राज्यानं ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं पर्ससीनवर हंगामाची, जागेची आणि परवान्यांची बंधनं घातली. एलईडीत पाण्यात प्रखर दिवे सोडून मासा गोळा करतात. त्याला केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली. बंदी कागदावर आहे, रात्री क्षितिजावर दिवे अजून दिसतात, ही तक्रार कुठल्याही बंदरावर ऐकायला मिळेल. गस्तीला पुरेशा नौका नाहीत, हे त्याचं साधं कारण.

१४. कोस्टल रोडच्या खांबांवरून वरळीत एवढं आंदोलन का झालं? दोन खांबांत ६० मीटर जागा होडीला पुरत नाही का?

रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला ६० मीटर खूप वाटतात. होडी रस्त्यावर नसते. उधाणाचं पाणी आडवं ओढत असतं, वारा दुसरीकडून ढकलतो, लाट येते, आणि मधेच इंजिन बंद पडलं तर होडी आडवी होऊन खांबावर जाते. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून निघायचा रस्ताच कोस्टल रोडला सागरी सेतूशी जोडणाऱ्या पुलाखालून. शिवाय खांबांमुळे पाण्याची ओढ बदलते, खडक आणि गाळ सरकतो. समोरून येणाऱ्या होडीलाही तीच वाट. मच्छीमारांनी १६० ते २०० मीटर मागितले, बराच काळ काम अडलं, शेवटी एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. १२० पुरेल का, यावर वरळीतही एकमत नाही.

१५. मी कोळी नाही. हौस म्हणून गळ टाकायला कुठे बसू?

मार्वे, गोराई, वरळी, वांद्र्याच्या बाजूला बरेच हौशी बसलेले दिसतील. तीन गोष्टी सांभाळा. एक, डोल किंवा जाळ्याचे बोये दिसतात तिथे गळ टाकू नका. तुमचा आकडा अडकला की कुणाचं तरी जाळं फाटतं. दोन, तुटलेली नायलॉनची दोरी तिथेच टाकून येऊ नका. तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, खडकांवर ओहोटीला उतरलात तर भरती कधी सुरू होते ते बघून उतरा. मुंबईत भरती पुढून येते आणि मागच्या खोलगट वाटाही भरते. पुढे बघत बसलेला माणूस मागून अडकतो. दरवर्षी माणसं जातात. जून ते सप्टेंबर खडकावर बसूच नका.

अडचणीत कुणी दिसलं तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, हे दोन क्रमांक फोनमध्ये ठेवा.

१६. मला कोळ्यांच्या होडीवर जाऊन मासेमारी बघायची आहे. नेतील का?

ओळखीनं नेतीलही, पण नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र असावं लागतं आणि तपासणी होते. तुमच्यामुळे तांडेल अडकेल. त्यापेक्षा पाणी बघून बंदरावर जा. होडी लागताना माल उतरतो, लिलाव होतो, बायका पाट्या लावतात. दोन तासांत जे कळेल ते होडीवर उलट्या करत बसून कळणार नाही. फोटो काढण्याआधी विचारा, आणि बोंबील उतरवणाऱ्या बाईच्या वाटेत उभे राहू नका.

१७. जाळ्यात कासव किंवा डॉल्फिन आला तर मच्छीमाराला शिक्षा होते का?

चुकून अडकला आणि सोडला तर घाबरायचं कारण नाही. पकडून ठेवला, मारला, विकला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा. समुद्री कासवं, डॉल्फिन, देवमासे, व्हेल शार्क, करवत मासा हे सगळे संरक्षित. व्हेल शार्क २००१ पासून यादीत आहे. जिवंत सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर राज्यात डिसेंबर २०१८ पासून भरपाईची योजना आहे, २५ हजार रुपयांपर्यंत. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती चालवतात. प्राणी अडकलेला आणि सोडताना, दोन्हींचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो, तेव्हा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून हाताशी ठेवा. पुष्कळांचा अर्ज फक्त "सोडतानाचा" फोटो नसल्यामुळे अडतो.

१८. घोळ मासा सापडला की माणूस लखपती होतो, हे खरं?

कधीकधी. घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, म्हणजे भोताला, परदेशात प्रचंड भाव आहे. २०२१ मध्ये पालघरच्या मुरब्याच्या एका होडीला दीडशेच्या वर घोळी एकदम लागल्या आणि एक कोटीच्या वर पैसे झाले. त्या बातमीनंतर हा प्रश्न थांबलेला नाही. बातमी झाली कारण असं होत नाही. घोळीच्या मागे लागून कुणी डिझेल जाळत नाही, उभ्या जाळ्यात आली तर आली.

१९. सगळे मच्छीमार कोळीच असतात का? आणि कोळी म्हणजे आदिवासी ना?

मुंबईत बहुतेक सोनकोळी. उत्तन, गोराई, मनोरी, चिंबईला ख्रिस्ती कोळी मोठ्या संख्येनं. शिवाय मांगेला, वैती, भोई. डोंगरातले महादेव कोळी ही वेगळी, आदिवासी जमात आहे, नाव सारखं असल्यामुळे लोक गल्लत करतात. होडीवरचे खलाशी तर आता अनेकदा डहाणू-तलासरीकडून किंवा राज्याबाहेरून येतात, कारण गावातली पोरं नोकरीला जातात.

२०. नवी होडी घ्यायची तर कागदपत्रं कोणती?

होडीची ऑनलाइन नोंदणी, मासेमारीचा परवाना, विमा आणि माणसांची ओळखपत्रं. नोंदणी क्रमांक "आयएनडी-एमएच" पासून सुरू होतो आणि होडीवर ठळक रंगवावा लागतो. डिझेलवरच्या कराचा परतावा हवा तर मच्छीमार सहकारी सोसायटीचं सभासदत्व लागतं, आणि परतावा महिनोन्‌महिने रखडतो हे धरूनच हिशोब करा. एप्रिल २०२५ मध्ये राज्यानं मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांत त्याचा फायदा प्रत्यक्षात मिळतोय का, हे आपल्या सोसायटीच्या सचिवाला विचारा, जाहिरातीवरून ठरवू नका.

२१. मुंबईच्या पाण्यातलं म्हावरं खाणं सुरक्षित आहे का? गटारं तर समुद्रातच सोडतात.

सरसकट उत्तर देता येत नाही. बोंबील, पापलेट, सुरमई बाहेरच्या पाण्यातली, फिरती. त्यांच्याबद्दल मला काळजी वाटत नाही, नीट शिजवून खा. कालवं, तिसऱ्या, शिणाणे यांचं तसं नाही. ती एका जागी राहतात आणि पाणी गाळून जगतात, म्हणजे पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं. गटाराच्या तोंडापासची, नाल्याच्या मुखाची, किंवा जोराच्या पावसानंतर लगेच काढलेली घेऊ नका. विकणाऱ्या मावशींना कुठून आणली ते विचारा, त्या स्वतः कुठली खातात तेही विचारा. उघडीच असलेली, टोचल्यावर न मिटणारी शिंपली टाकून द्या. आणि कालवं कच्ची खायची हौस मुंबईच्या किनाऱ्यावर भागवू नका.